टाकीचं झाकण घरी बदलायचंय? आधी दोष झाकणाचाच आहे का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : २०१५ची पेट्रोल हॅचबॅक. पंपावर टाकीच्या झाकणाला गाडीशी बांधून ठेवणारी पट्टी तुटली, आणि तेव्हापासून झाकण सैल वाटतं, फिरवताना पूर्वीसारखं ‘टक टक’ वाजत नाही. गाडी उन्हात उभी राहिली की मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येतो. ऑनलाइन दोनशे रुपयांच्या आत झाकण मिळतंय. अमेरिकेतला भाचा सांगतो की झाकण खराब असेल तर चेक इंजिनचा दिवा लागतो. इथे दिवा लागलेला नाही, मग झाकण ठीक समजायचं का? आणि नवं झाकण घरी बसवता येतं, की गॅरेजलाच न्यावी लागेल?

घरी बसवता येतं. गाडी खास यासाठी गॅरेजला आणलीत तर मीही दोन मिनिटांत बसवून देईन आणि मजुरी मागायची मलाच लाज वाटेल. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. झाकण सैल आहे, ही एक. वास येतो, ही दुसरी. पहिली नव्या झाकणाने नक्की जाईल. दुसरी जाईलच असं नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते तिथे.

आधी भाच्याचा मुद्दा, कारण इंटरनेटवरची निम्मी माहिती अमेरिकेतून येते आणि आपण ती जशीच्या तशी आपल्या गाडीला लावतो. भाचा खरंच बोलतोय, पण त्याच्या गाडीबद्दल. तिथे साधारण १९९६नंतरच्या गाड्यांचा कॉम्प्युटर टाकी आणि तिच्या नळ्या हवाबंद आहेत की नाहीत हे स्वतःच तपासतो. टाकीत थोडी ओढ (व्हॅक्यूम) किंवा थोडा दाब तयार करायचा, मग तो किती टिकतो ते बघायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीसुद्धा पकडली जावी, इतकी ती तपासणी पुढे बारीक होत गेली. मोठी गळती सापडली की पी०४५५ आणि झाकण सैल वाटलं की पी०४५७ हे कोड येतात, दिवा लागतो, आणि भाचा पंपावर उतरून झाकण घट्ट करतो. तरी दिवा लगेच विझत नाही, कारण कॉम्प्युटर तीच तपासणी पुन्हा करून बघतो. त्यासाठी गाडी थंड होऊन पुन्हा चालावी लागते, आणि टाकी काठोकाठ भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर तो तपासणी करतच नाही. म्हणून तिथे दिवा विझायला काही दिवस जातात आणि माणूस समजतो की झाकण बदलूनही उपयोग झाला नाही.

आपल्याकडचे प्रदूषणाचे नियम युरोपच्या वळणाचे आहेत. भारत स्टेज असो की युरो, टाकीच्या वाफेबाबत कॉम्प्युटरने बघायचं ते मुख्यतः पर्ज व्हॉल्व्हची, म्हणजे टाकीची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, वायरिंग शाबूत आहे की नाही एवढंच. टाकी हवाबंद आहे का, हे चालत्या गाडीत तपासण्याची सक्ती नाही. कंपनीला गाडी मंजूर करून घेताना ती बंद खोलीत ठेवून किती वाफ बाहेर पडते ते मोजून दाखवावं लागतं, मर्यादा एका चाचणीला दोन ग्रॅम. पण तुमच्या दारातली गाडी तेवढी वाफ धरून ठेवते की नाही, हे नंतर कोणी मोजत नाही. पीयूसीवालाही धुराच्या नळीत नळी घालतो, झाकणाला हात लावत नाही.

म्हणजे तुमच्या गाडीत दिवा लागला नाही यावरून झाकणाबद्दल काहीच कळत नाही. उलटही तेवढंच खरं : दिवा लागलाय म्हणून कोणी पहिल्यांदा टाकीचं झाकण बदलायला सांगितलं, तर आधी स्कॅनर लावून कोड बघायला सांगा. आपल्याकडच्या गाड्यांत तो दिवा बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर, मिसफायर, एखादी सैल वायर असल्या कारणांचा असतो.

आता झाकणाकडे. दिसायला बाटलीचं बूच, पण आत तीन गोष्टी असतात. पहिली रबरी सील, जी टाकीच्या नळीच्या ओठावर बसते. दुसरी रॅचेट, म्हणजे ‘टक टक’ करणारी दातेरी चकती. ठरलेला जोर आला की ती घसरते, त्यामुळे झाकण जास्त आवळून सील चिरडली जात नाही. तिसरी गोष्ट झाकणाच्या पोटात असते आणि कोणाला दिसत नाही : स्प्रिंगवर बसलेला छोटा व्हॉल्व्ह. टाकीत दाब फार वाढला तर तो बाहेर सोडतो, आणि टाकीत ओढ तयार झाली तर बाहेरची हवा आत घेतो.

इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत यावीच लागते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत ती झाकणातूनच यायची. तेव्हा ठरलेली तक्रार होती : गाडी वीसपंचवीस किलोमीटर छान चालते, मग दम तोडते, बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्री टाकीचं झाकण उघडायचा, ‘फुस्स’ करून हवा आत जायची, आणि गाडी सुरू. झाकणाचं भोक चिखलाने किंवा पॉलिशच्या मेणाने बुजलेलं असायचं. मोटरसायकलवर हा प्रकार आजही बघायला मिळतो. इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीचा श्वास कोळशाच्या डब्यातून, म्हणजे कॅनिस्टरमधून, चालतो आणि झाकण हवाबंद असतं. त्यातला व्हॉल्व्ह फक्त अडीअडचणीसाठी. त्यामुळे तुमच्या गाडीचं झाकण उघडताना जोरात हवा *आत* ओढली जात असेल तर आधी कॅनिस्टरची हवा घ्यायची वाट तुंबली आहे का ते बघायला हवं. हवा *बाहेर* येत असेल, आणि तीही दुपारी बारा वाजता मे महिन्यात, तर घाबरू नका. पेट्रोल तापलं की वाफ होणारच.

तुमचं झाकण तपासायला हत्यार नको, चांगला उजेड पुरे. झाकण काढा आणि सील डोळ्यांजवळ धरून पूर्ण फिरवून बघा. चांगल्या सीलवर नळीच्या ओठाचा एकसारखा, सलग ठसा दिसतो. ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला गायब असेल, तर झाकण तिरकं बसतंय. मग अंगठ्याने सील दाबा. ती दबून पुन्हा वर यायला हवी. नखाची खूण तशीच राहिली, कडेला बारीक तडे दिसले, किंवा रबर फुगून खाचेबाहेर डोकावत असेल, तर ती संपली. रॅचेट बघायला झाकण पूर्ण बसवून जोर द्या. वाजत नसेल आणि नुसतंच फिरत असेल तर दाते झिजलेत. मात्र सगळी झाकणं वाजणारी नसतात. काही पाव फेऱ्यात आत अडकतात, त्यांना आवाजच नसतो. तुमचं पूर्वी वाजायचं आणि आता वाजत नाही, म्हणजे रॅचेट गेलं आहे. पट्टी तुटण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. बहुधा ज्या हाताने हिसडा देऊन पट्टी तोडली त्याच हाताने झाकण अडकलेलं असताना जोर लावून फिरवलं असेल.

तेव्हा झाकण बदला, यात वाद नाही. आता वासाबद्दल.

आमचं गॅरेज सावंतवाडीच्या पट्ट्यात. इथून गोव्याची हद्द जवळ आणि तिकडे पेट्रोल स्वस्त, त्यामुळे पत्रादेवी ओलांडली की लोक टाकी फुल्ल करतात. फुल्ल म्हणजे कशी? नोझल स्वतःहून ‘खट्’ करून बंद पडतं, तिथे थांबायचं असतं. पण पंपावरचा पोरगा विचारतो, “राउंड फिगर करू?” आणि आपण मान हलवतो. मग नोझल थोडं वर ओढून थेंब थेंब पेट्रोल गळ्यापर्यंत भरलं जातं. टाकीच्या वरच्या भागात ठेवलेली मोकळी जागा पेट्रोल फुगण्यासाठी आणि वाफेसाठी असते. तीच भरून टाकली की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं. त्यातला कोळसा वाफ शोषण्यासाठी आहे, पेट्रोलमध्ये भिजण्यासाठी नाही. एकदा भिजला की उन्हात वास मारतो, कधी कधी टाकी भरल्या भरल्या गाडी स्टार्टला कुरकुरते, आणि तुम्ही कितीही महागाचं झाकण लावा, वास तिथेच राहतो. हे ओळखायची खूण : वास टाकी भरल्यावर दोनतीन दिवस जास्त आणि टाकी अर्ध्यावर आली की कमी, तर भरण्याची सवय आधी बदला. राउंड फिगर हवीच असेल तर पैसे आधी सांगा, एक हजाराचं टाक म्हणा. मशीन बरोबर तिथे थांबतं.

वासाची आणखी दोन ठिकाणं. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं गोल झाकण असतं, त्याखाली पेट्रोल पंप बसवलेला असतो. त्या पंपाच्या रिंगमधून वाफ निघाली तर वास गाडीच्या *आत* येतो, बाहेर कमी. दुसरं, टाकीची नळी आणि टाकी यांना जोडणारा रबरी होज आणि त्याची क्लिप. तिथे गळत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग पडतो, त्यावर धूळ चिकटून काळपट पट्टा तयार होतो. ही दोन्ही कामं घरी करू नका. टाकीत हात घालायला लागतो, आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. घरातल्या शेडमध्ये ते धाडस नको.

झाकण विकत घेताना स्वस्त-महाग हा प्रश्न नंतरचा. आधी ते तुमच्याच गाडीचं आहे का ते बघा. दोन झाकणं शेजारी ठेवली तर जुळी भावंडं वाटतील, पण आट्यांचा पेच वेगळा, सीलची उंची दोन मिलिमीटरने कमी, किंवा एकात व्हॉल्व्ह आहे आणि दुसऱ्यात नाही. आट्या घासत घासत बसल्या तरी ‘बसलं एकदाचं’ म्हणून सोडून देतात, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी जातं. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या स्पेअरच्या काउंटरवर जा, तो नंबर टाकला की बरोबर पार्ट नंबर निघतो. आरसी बुकवर आणि गाडीवर तो १७ आकडी-अक्षरी नंबर असतो. जुनं झाकण पिशवीत घालून सोबत न्या, काउंटरवरच दोन्ही उलटी करून सील आणि आट्या ताडून बघा. छोट्या गाड्यांचं ओरिजिनल झाकण साधारण हजाराच्या आत बसतं. ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही, पण जाहिरातीत ‘सर्व गाड्यांना चालेल’ असं लिहिलेलं झाकण घेऊ नका. सर्व गाड्यांना चालणारं झाकण नीट एकाही गाडीला बसत नाही.

सीलबद्दल एक गोष्ट जास्त सांगायला हवी, कारण पेट्रोल बदललं आहे. २०२३पासून पंपावर ई-२० येत गेलं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तुमची गाडी २०१५ची, ती ई-२० डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाही. इथेनॉलने काही जुन्या जातीची रबरं फुगतात, मऊ होतात आणि नंतर सुकून तडकतात. झाकणाची सील हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि डोळ्यांना दिसतो. म्हणून सील लवकर खराब झाली तर नुसतं झाकण बदलून विसरू नका, पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला पेट्रोलचे रबरी होजही बघायला सांगा. तेच पेट्रोल तिथूनही जातं.

दुसरं, इथेनॉलला पाण्याची ओढ असते. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते तळाशी बसतं. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मिसळून जातं, जळूनही जातं. पण मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि पंप टाकीच्या तळातूनच ओढतो. मग गाडी अचानक धक्के देते. इथे जून ते सप्टेंबर पाऊस आडवा मारतो, त्यात उघड्यावर लावलेल्या गाड्यांत झाकणाची फट हे पाणी जायचं एक साधं कारण असतं. डिझेलवाल्यांनी तर जास्तच जपावं. तिथे पाणी फिल्टरच्या पलीकडे गेलं तर इंजेक्टरपर्यंत पोचतं, आणि त्याचं बिल झाकणाच्या किमतीत मोजायचं नसतं.

आता प्रत्यक्ष काम.

गाडी मोकळ्या हवेत घ्या, इंजिन बंद, चावी काढलेली. सकाळी केलंत तर बरं, टाकी थंड असते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नको : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. जवळ इन्व्हर्टरची बॅटरी, वेल्डिंग, गॅसची शेगडी काही नको. सिगारेटचं सांगायला नको, पण उदबत्तीचं सांगतो. नवा पार्ट बसवला की गाडीला उदबत्ती ओवाळणारी घरं मी पाहिलीत. ओवाळा, पण झाकण लागल्यावर आणि बॉनेटच्या बाजूने. झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूच्या भागाला एकदा हात लावा. नायलॉनच्या सीट कव्हरवरून घसरून उतरलेल्या माणसाच्या अंगात स्थिर वीज असते, ती तिथे निघून जाऊ दे.

बाहेरचं फ्लॅप उघडा, मुख्य झाकण हळू फिरवा. ‘स्स’ आवाज आला तर थांबा, आवाज संपला की पूर्ण काढा. झाकण काढल्यावर नळीचं तोंड उघडं ठेवून इकडे तिकडे फिरू नका. जुनंच झाकण तात्पुरतं टेकवून ठेवा आणि आधी पट्टीचं काम उरका.

पट्टीचं दुसरं टोक फ्लॅपच्या आतल्या खोबणीत किंवा फ्लॅपलाच एका भोकात दाबून बसवलेलं असतं. डोकं गोल आणि पाठीमागे बाणासारखे दोन पंख. तुमची पट्टी मधून तुटली असेल तर तो तुकडा अजून तिथेच असेल. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला कापडाची एक घडी गुंडाळा, म्हणजे रंग खरवडत नाही, आणि डोक्याखाली घालून अलगद उचका. जोराने ओढलंत तर पंख तुटून आत पडतात आणि पुढे खडखडत राहतात. काही गाड्यांत डोकं आडव्या खाचेत सरकवलेलं असतं, ते ओढायचं नसतं, बाजूला सरकवायचं. उजेडात दहा सेकंद बघितलं की कळतं.

आता खोबणीच्या तळाला बघा. तिथे एक छोटं भोक असतं. झाकणाभोवती पडलेलं पावसाचं पाणी त्यातून रबरी नळीने खाली जातं. ते भोक बहुतेक गाड्यांत मातीने, आंब्याच्या मोहोराने, कधी मुंग्यांच्या वारुळाने बुजलेलं सापडतं, आणि मग झाकणाभोवती वाटीसारखं पाणी साचतं. अशा साचलेल्या पाण्यात झाकण उघडलंत की पाणी सरळ टाकीत. झाकण लागलेलंच असू द्या, भोकात प्लास्टिकची झिप-टाय सारा, वरून थोडं पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय का बघा. लोखंडी तार नको, रबरी नळी फाटते. माझ्या हिशेबाने या सगळ्या कामात नव्या झाकणाइतकंच महत्त्व या भोकाला आहे.

खोबणी कोरडी झाली की झाकण काढा, नळीचा ओठ धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. बोटाने पूर्ण फेरी मारून बघा. गुळगुळीत लागला पाहिजे. खाऱ्या हवेमुळे आमच्या किनाऱ्यावर लोखंडी नळ्यांच्या ओठावर गंज धरतो. वरवरचा तांबूसपणा कापडाने गेला तर ठीक. खड्डे लागत असतील तर नवी सीलही तिथे बसणार नाही. ती नळी बदलायचं काम गॅरेजचं. पॉलिश पेपर घासू नका, त्याची भुकटी कुठे जाणार ते तुम्हाला माहीत आहे.

नवी पट्टी आधी दाबून बसवा, ‘खट्’ वाजायला हवं. मग झाकण सरळ धरून नळीवर ठेवा, आणि घड्याळाच्या उलट दिशेला थोडं फिरवा. आट्या एकमेकींत पडल्याचं हाताला जाणवतं, मग घड्याळाच्या दिशेने आवळा. असं केल्याने आटी तिरकी चढत नाही. किती ‘टक’ हे गाडीगणिक वेगळं असतं, कुठे एक पुरतो, कुठे तीन. फ्लॅपच्या आत स्टिकर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. सीलवर ग्रीस, सिलिकॉन, खोबरेल काही लावायचं नाही. कोरडीच बसते.

नंतर फ्लॅप बंद करा आणि पट्टी बाहेर डोकावत नाही ना बघा. हे क्षुल्लक वाटेल, पण कंपनीची सीएनजी बसवलेली गाडी असेल तर फ्लॅपखाली बहुधा छोटा स्विच असतो, सीएनजी भरताना गाडी चालू होऊ नये म्हणून. पट्टी मध्ये आली, फ्लॅप केसभर उघडा राहिला, की गाडी स्टार्टच होत नाही. लोक बॅटरी बघतात, सेल्फ बघतात, टो करून आणतात, आणि आम्ही फ्लॅप दाबतो. सीएनजीच्या तोंडाला वेगळं धुळीचं बूच असतं, त्याची अदलाबदल पेट्रोलच्या झाकणाशी करायची नाही हे उघडच आहे. तसंच काही डिझेल गाड्यांत शेजारीच निळ्या झाकणाचं अॅडब्लूचं, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाचं, तोंड असतं, तेही जिथल्या तिथे.

डिझेल गाडीला नवं झाकण लावलंत आणि त्यावर ‘डिझेल’ लिहिलेलं नसेल तर फ्लॅपच्या आत ठळक स्टिकर चिकटवा. पंपावरचा माणूस गाडीकडे नाही, झाकणाकडे बघतो.

नवं झाकण यायला चार दिवस लागणार असतील आणि जुनं हरवलंच असेल, तर नळीत चिंधी कोंबू नका. कापड पेट्रोल शोषून वातीसारखं बाहेर आणतं आणि त्याचे धागे टाकीत पडतात. जाड, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी दुहेरी करून तोंडावर ताणून बांधा, फ्लॅप लावा, टाकी अर्ध्याच्या वर भरू नका आणि घाटरस्ता टाळा. हे झाकण आणेपर्यंतच. जुनं झाकण असेल पण सील गेली असेल तर सायकलच्या ट्यूबची रिंग कापून घालायचा उद्योग अनेक जण करतात. ती पेट्रोलमध्ये फुगते आणि तिचे तुकडे टाकीच्या जाळीत अडकतात. एम-सील, फेविक्विक तुटलेल्या पट्टीलाही टिकत नाही. काही गाड्यांची सील वेगळी मिळते, रॅचेट चांगलं असेल तर ती घेऊन नखाने काढून-घालून चालतं. तुमचं रॅचेटच गेलंय, त्यामुळे पूर्ण झाकणच घ्या.

चावीचं झाकण घ्यावं का, हेही पुढे विचाराल. ओम्नी किंवा छोटा हत्ती यांसारख्या गाड्यांना बाहेरून फ्लॅपचं कुलूप नाही, तिथे चावीचं झाकण हवंच. तुमच्या गाडीचं फ्लॅप आतल्या खटक्याने उघडतं, मग दुसरी चावी सांभाळायची कशाला? आणि ती हरवली तर कुलूप ड्रिलने फोडायचा विचारही मनात आणू नका, पेट्रोलच्या तोंडाशी ठिणग्या आणि लोखंडाचा चुरा दोन्ही एकदम येतात. चावीवाल्याला बोलवा.

झाकण बसवल्यावर पुढची टाकी नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथेच थांबवून भरा आणि गाडी पूर्वीसारखीच उन्हात लावा. कॅनिस्टर थोडाच भिजला असेल तर गाडी चालत राहिली की इंजिन तो हळूहळू ओढून कोरडा करतं, त्यामुळे आठपंधरा दिवस द्या. तेवढ्यातही वास गेला नाही, किंवा आत बसल्यावर येत असेल, तर पुन्हा दुसरं झाकण आणू नका. गाडी रॅम्पवर घेऊन होज, पंपाची रिंग आणि कॅनिस्टर या क्रमाने बघायला सांगा, आणि मिस्त्रीला टाकी भरल्यावर वास वाढतो की नाही ते आठवणीने सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो.